मेणात अडकलेली प्रथिनं

घरातली मोठी माणसं बोलत असताना हे वाक्य तुमच्या कानावर कधीतरी पडलं असेल : ‘‘गाठ काढली, तुकडा तपासायला दिलाय, रिपोर्ट आठ दिवसांनी येईल.’’ मग रिपोर्ट येतो, डॉक्टर औषध ठरवतात आणि घरचे कामाला लागतात. त्या तुकड्याचं पुढे काय झालं हे मात्र कुणीच विचारत नाही. तुम्ही विचारा! कारण तो तुकडा टाकून दिलेला नसतो. मेणाच्या एका छोट्याशा वडीत बसून तो रुग्णालयाच्या कपाटात राहतो. दहा वर्षं, वीस वर्षं, कधी कधी त्याहून कितीतरी जास्त.

या वडीला प्रयोगशाळेतली माणसं ‘ब्लॉक’ म्हणतात. जगात असे किती ब्लॉक असतील? सगळ्या जगाचं राहू द्या, एकाच ठिकाणचा आकडा ऐका. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराजवळ सिल्व्हर स्प्रिंग इथे ‘जॉइंट पॅथॉलॉजी सेंटर’ आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६२ मध्ये, लष्कराने एक वैद्यकीय संग्रहालय सुरू केलं होतं, त्याचाच हा पुढचा अवतार. तिथे सुमारे ३ कोटी १० लाख ब्लॉक जपून ठेवलेत. प्रत्येकात कुणाच्या तरी शरीराचा इवलासा तुकडा.

आणि त्या तुकड्यात हजारो प्रकारची प्रथिनं, म्हणजे प्रोटीन्स, अजून आहेत. तो माणूस आजारी होता तेव्हा त्याच्या पेशी काय करत होत्या, कशाशी झगडत होत्या, कुठे चुकत होत्या, याचा पुरावा त्या प्रथिनांमध्ये आहे. जवळजवळ शंभर वर्षं हा पुरावा डॉक्टरांच्या हाताशी होता, पण त्यातला फारच थोडा वाचता येत होता. आता भराभर वाचता येऊ लागलाय. त्यातून एका भयंकर आजारावर उपाय सापडला, तोसुद्धा अगदी परवा-परवा, २०२४ मध्ये. ती हकिगत सांगायचीच आहे. पण आधी तुकडा मेणात जातो कसा, ते बघू या.

बोटांची कातडी कडक झाली तेव्हा

शरीरातून काढलेला तुकडा तसाच ठेवला तर लगेच बिघडायला लागतो. पेशींमधलीच विकरं, म्हणजे एन्झाइम्स, त्या पेशींना आतून पचवू लागतात. जिवाणूही ताव मारायला हजर होतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या खोलीतच तुकडा एका बरणीत टाकतात. त्या बरणीत असतं फॉर्मालिन. फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू पाण्यात विरघळवला की फॉर्मालिन तयार होतं.

हे कुणाला सुचलं? १८९३ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात फर्डिनांड ब्लूम नावाचे डॉक्टर होते. फॉर्माल्डिहाइडने जंतू मरतात का, हे ते तपासत होते. काम करता करता त्यांच्या लक्षात आलं की आपल्या बोटांची कातडी कडक झालीय. त्यांनी बोटांना तेल चोळून विषय संपवला नाही. हे द्रावण जिवंत माणसाच्या बोटाची कातडी कडक करतंय, तर मग शरीरातून काढलेले तुकडेही कडक करून टिकवेल का, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी करून पाहिलं. तुकडे टिकले! आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक पॅथॉलॉजी लॅबमध्ये फॉर्मालिन असतं, ते ब्लूम यांनी आपल्या बोटांकडे नीट पाहिलं म्हणून.

पण हे आत्ताच सांगून ठेवायला हवं : फॉर्मालिन घातक आहे. त्याच्या वाफेने डोळे आणि घसा चुरचुरतो, आणि वर्षानुवर्षं संपर्क आला तर कर्करोगाचाही धोका असतो. शाळेच्या प्रयोगशाळेत बाटलीत ठेवलेला बेडूक किंवा साप दिसला, तर त्या बाटलीचं झाकण कधीही उघडायचं नाही. अगदी कुणी पैज लावली तरी नाही.

फॉर्मालिनमध्ये काही तास ते एक-दोन दिवस काढले की तुकड्याची पुढची वाट सुरू होते. त्याला भोकं असलेल्या छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवतात. मग एकामागून एक अल्कोहोलच्या भांड्यांत बुडवतात, म्हणजे त्यातलं सगळं पाणी निघून जातं. पाणी का काढायचं? कारण मेण आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. नंतर झायलीन नावाच्या द्रवात बुडवून अल्कोहोल काढतात आणि शेवटी वितळलेल्या पॅराफिन मेणात. हे मेण साधारण ५६ ते ६० अंश सेल्सियसला वितळतं. पेशींमध्ये जिथे जिथे पाणी होतं, तिथे तिथे आता मेण जाऊन बसतं. थंड झालं की झाला ब्लॉक तयार.

मग येतं मायक्रोटोम नावाचं यंत्र. त्याचं चाक हाताने फिरवलं की ब्लॉक धारदार पात्यावरून खाली-वर जातो आणि प्रत्येक फेरीला मेणाचा एक काप सुटतो. हे काप एकमेकांना चिकटून लांब फीत तयार होते. एका कापाची जाडी असते ३ ते ५ मायक्रोमीटर. तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस काप बसतील! फीत कोमट पाण्यावर अलगद सोडतात, तिच्या सुरकुत्या निघतात आणि एकेक काप काचपट्टीवर उचलून घेतात. हे काम करणाऱ्या तंत्रज्ञांचा हात फार स्थिर लागतो. रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते, पण या तंत्रज्ञांनी काप नीट काढला नाही तर डॉक्टरांना काहीच दिसणार नाही. त्यांचं नाव फारसं कुठे येत नाही, आणि ते यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मेणातला काप रंगहीनच असतो, म्हणून त्याला रंग देतात. हिमॅटॉक्सिलीन हा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून मिळतो. तो पेशींच्या केंद्रकांना निळा-जांभळा करतो. दुसरा रंग इओसिन. तो बाकीचा भाग गुलाबी करतो. आता सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचा आकार दिसतो, त्यांची रचना दिसते. पेशी निरोगी आहेत की बिघडल्या आहेत, हे तज्ज्ञ ओळखू शकतात.

प्रथिनं मात्र अशी दिसत नाहीत.

माळा आणि गाठी

प्रथिन म्हटलं की तुम्हाला डाळ, अंडं, दूध आठवतं. बरोबरच आहे. पण तुमच्या शरीरातली जवळजवळ सगळी कामं प्रथिनंच करतात. रक्तातून प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन प्रथिन आहे, केस आणि नखं ज्याची बनतात ते केराटिन प्रथिन आहे, साखरेवर ताबा ठेवणारं इन्सुलिनही प्रथिनच. प्रत्येक प्रथिन म्हणजे मण्यांची एक माळ समजा. मणी वीस प्रकारचे, त्यांचं नाव अमिनो आम्लं. कुठला मणी कुठल्यानंतर येतो, यावर ते प्रथिन कोणतं हे ठरतं. इन्सुलिनमध्ये मणी फक्त ५१. आणि स्नायूंमधल्या टायटिन नावाच्या प्रथिनात तब्बल ३० हजारांहून जास्त! ही माळ सरळ लोंबत राहत नाही, घड्या घालून विशिष्ट आकार घेते. त्या आकारामुळेच ती आपलं काम करू शकते.

तुमच्या शरीरात अशी प्रथिनं बनवण्याच्या सुमारे २० हजार सूचना डीएनएमध्ये लिहिलेल्या आहेत. गंमत अशी की डोळ्यातल्या पेशीत आणि यकृतातल्या पेशीत डीएनए जवळजवळ एकसारखाच असतो. फरक पडतो तो कोणत्या पेशीत कोणती प्रथिनं, किती प्रमाणात बनतात यामुळे. म्हणूनच आजारी पेशीत काय चाललंय हे जाणून घ्यायचं तर डीएनए वाचून पूर्ण भागत नाही. प्रथिनंच बघावी लागतात.

आता फॉर्मालिन काय करतं ते बघा. फॉर्माल्डिहाइडचा रेणू अगदी लहान : एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन. तो माळांच्या गर्दीत सहज शिरतो. लायसिन नावाचा मणी त्याला विशेष आवडतो. तो आधी त्याला चिकटतो, मग शेजारच्या माळेतल्या एखाद्या मण्याला. झाली गाठ! दोन माळा एकमेकींना बांधल्या गेल्या. अशा असंख्य गाठी पडल्या की कुठलीच माळ जागची हलू शकत नाही. विकरंसुद्धा प्रथिनंच असतात, तीही बांधली जातात, म्हणून पेशींचं पचणं थांबतं. तुकडा टिकतो तो या गाठींमुळे.

आणि संशोधकांची अडचणही याच गाठींमुळे झाली. एखादं ठरावीक प्रथिन शोधायचं असेल तर शास्त्रज्ञ प्रतिपिंडं वापरतात. जंतू शरीरात शिरले की आपलं शरीर प्रतिपिंडं बनवतं, तीच. एक प्रतिपिंड एका ठरावीक प्रथिनालाच जाऊन चिकटतं. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडला, आणि ते कुठे चिकटलं हे डोळ्यांनी दिसू लागलं. किती छान युक्ती! पण फॉर्मालिनमधून आलेल्या तुकड्यात ती बऱ्याचदा फसायची. प्रतिपिंडाला माळेचा जो भाग ओळखायचा, तोच गाठींखाली दडलेला. लाखो ब्लॉक कपाटात, आणि त्यांतली कितीतरी प्रथिनं हाताला लागत नव्हती.

उपाय निघाला तो मायक्रोवेव्हमधून. शान-रोंग शी आणि त्यांचे अमेरिकेतले सहकारी या प्रश्नाच्या मागे लागले होते. शी यांनी जुने शोधनिबंध धुंडाळले. १९४० च्या दशकात हाइन्झ फ्रेंकेल-कॉनराट या रसायनशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं होतं की फॉर्माल्डिहाइडने प्रथिनांत पडलेल्या गाठी खूप तापवल्यावर सुटू शकतात. जवळजवळ चार दशकं ही गोष्ट कागदावर पडून होती. शी यांनी ती वाचली. त्यांनी काचपट्ट्या क्षारांच्या द्रावणात बुडवून मायक्रोवेव्हमध्ये तापवल्या. बऱ्याच गाठी सुटल्या, आणि जी प्रथिनं दिसत नव्हती ती दिसू लागली. १९९१ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं आणि जगभरच्या लॅबमध्ये ही पद्धत पसरली.

मायक्रोवेव्हच पाहिजे असंही नाही. काही वर्षांत लोकांनी चक्क प्रेशर कुकर वापरून पाहिला. तोही उत्तम चालला. आजही अनेक लॅबमध्ये या कामासाठी कुकर ठेवलेला असतो. अर्थात त्यात पुन्हा कधी भात लावत नाहीत!

याचा रुग्णांना उपयोग झाला का? खूप झाला. स्तनाच्या कर्करोगाच्या काही गाठींमध्ये ‘हर-टू’ नावाचं प्रथिन प्रमाणाबाहेर असतं. शंभरातल्या साधारण १५ ते २० रुग्णांच्या बाबतीत असं आढळतं. त्यांच्यासाठी ट्रास्टुझुमॅब नावाचं खास औषध १९९८ पासून मिळतं. पण ते कुणाला द्यायचं? हे ठरतं मेणातल्या त्या तुकड्यावरून. काप काढायचा, तापवून गाठी सोडवायच्या, प्रतिपिंड लावायचं आणि तपकिरी रंग येतो का ते बघायचं.

माळा मोजायचं यंत्र

प्रतिपिंडांची एक मर्यादा आहे. काय शोधायचं हे तुम्हाला आधीच माहीत असावं लागतं. पण या तुकड्यात काय काय आहे ते सगळंच दाखव, असं म्हणायचं असेल तर? तिथे कामाला येतो मास स्पेक्ट्रोमीटर. सोप्या भाषेत सांगायचं तर रेणूंचं वजन करणारा काटा.

आधी मेण विरघळवून काढतात. तुकडा तापवून गाठी सोडवतात. मग त्यात ट्रिप्सिन घालतात. ट्रिप्सिन तुमच्या पोटातही आहे. स्वादुपिंड ते तयार करतं आणि तुम्ही खाल्लेल्या डाळीतली प्रथिनं त्याने पचतात. त्याची सवय पक्की : माळेत लायसिन किंवा आर्जिनिन हा मणी आला की त्याच्या पुढे कापायचं. त्यामुळे लांब लांब माळांचे लहान लहान तुकडे होतात. हे तुकडे यंत्रात सोडायचे आणि प्रत्येकाचं वजन करायचं.

वजनावरून माळ कशी ओळखायची? जरा हिशेब करू. माळेत ओवलेल्या ग्लायसिन या मण्याचं वजन ५७, ॲलानिनचं ७१. इथे एक म्हणजे साधारण एका हायड्रोजनच्या अणूएवढं. दोघांची बेरीज १२८. आता लायसिन या एकट्या मण्याचं वजन बघा : तेही १२८! मग यंत्राला कसं कळणार की समोर दोन मणी आहेत की एकच? उत्तर दशांश चिन्हाच्या पुढे आहे. ग्लायसिन आणि ॲलानिन मिळून होतात १२८.०५९ आणि लायसिन आहे १२८.०९५. एवढ्याशा फरकावरून यंत्र ओळखतं. शिवाय ते तुकडे आणखी फोडून त्यांचीही वजनं घेतं. मग संगणक ती सगळी वजनं माणसाच्या माहीत असलेल्या प्रथिनांच्या यादीशी ताडून बघतो. दशांश अपूर्णांकांची उदाहरणं सोडवताना कंटाळा आला तर हे आठवा.

पण वजन करण्याआधी प्रथिनांचे रेणू हवेत उडवावे लागतात, आणि तेही न मोडता. हे फार काळ कुणाला जमत नव्हतं. येल विद्यापीठातल्या जॉन फेन यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी ते जमवलं. प्रथिनाचं द्रावण बारीक सुईतून विजेच्या मोठ्या दाबाखाली फवारायचं. थेंब सुकत सुकत नाहीसे होतात आणि विद्युतभार असलेले रेणू हवेत मोकळे होतात. २००२ मध्ये फेन यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा ते पंच्याऐंशी वर्षांचे होते. या कामात त्यांच्या हाताखाली एक जर्मन विद्यार्थी होता, मथायस मान. हे नाव लक्षात ठेवा. पुढच्या हकिगतीत तेच आहेत.

कपाट उघडलं आणि सात जण बरे झाले

एक अगदी दुर्मीळ आजार आहे. दहा लाख लोकांमध्ये वर्षाला एखाद-दुसऱ्यालाच होतो, त्यामुळे घाबरू नका. ब्रिटनमधले त्वचारोगतज्ज्ञ ॲलन लायेल यांनी १९५६ मध्ये त्याचं वर्णन केलं. एखादं साधं औषध घेतल्यावर काही जणांच्या शरीरातली रोगप्रतिकार यंत्रणा अचानक आपल्याच त्वचेवर तुटून पडते. भाजल्यावर निघते तशी त्वचा निघू लागते. साधारण तीन रुग्णांतला एक वाचत नाही. आणि यावर खात्रीचा इलाज नव्हता.

या आजाराचा अभ्यास करायचा तर रुग्ण आणायचे कुठून? एका रुग्णालयात वर्षभर थांबलं तरी एखादाच यायचा, आणि तो इतका आजारी की त्याचा जीव वाचवायचा की त्याच्यावर प्रयोग करायचे? इथे मेणातले तुकडे कामी आले. निदान करण्यासाठी त्या रुग्णांच्या त्वचेचा छोटा तुकडा पूर्वीच घेतलेला होता. ते ब्लॉक कपाटात होते.

म्युनिकजवळच्या मार्टिन्सरीड इथल्या माक्स प्लांक जीवरसायन संस्थेत मथायस मान यांचा गट आहे. तिथे थिएरी नॉर्डमन या त्वचारोगतज्ज्ञाने हे काम हातात घेतलं. जुन्या ब्लॉकांचे काप काढले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे फोटो घेतले. संगणकाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रत्येक पेशीची कड ओळखली : ही त्वचेची पेशी, ही रोगप्रतिकार करणारी पेशी. मग लेसरच्या किरणाने एकेका पेशीच्या कडेने कापून त्या वेगळ्या केल्या. त्वचेच्या पेशी एकीकडे, हल्ला करणाऱ्या पेशी दुसरीकडे. आणि दोन्ही गटांची प्रथिनं यंत्रात मोजली. ५ हजारांहून जास्त प्रथिनं!

तुलनेसाठी निरोगी त्वचा आणि औषधाने उठणारं साधं पुरळ यांचेही काप घेतले होते. फरक ठळकपणे दिसला. इंटरफेरॉन नावाची प्रथिनं पेशींना धोक्याचा इशारा देतात. तो इशारा पेशीच्या आत पोहोचवतात ‘जॅक’ आणि ‘स्टॅट’ या नावांची प्रथिनं. या आजारात हे इशारे बेसुमार वाढले होते, थांबतच नव्हते.

आणि पुढची गोष्ट तर मला फारच आवडते. जॅक प्रथिनांना रोखणारी औषधं आधीच दुकानात होती! आमवातात सांधे सुजतात, त्यासाठी डॉक्टर ती वर्षानुवर्षं देत होते. नवं औषध शोधायला दहा-पंधरा वर्षं घालवायची गरजच नव्हती. आधी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर आणि मग उंदरांवर ती तपासली, आजार कमी झाला. त्यानंतर चीनमधल्या फूजियान प्रांतात डॉक्टरांनी सात रुग्णांना ती दिली. सातही जणांची त्वचा लवकर भरून आली, सातही जण वाचले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे छापून आलं.

सात हा आकडा लहान आहे, हे विसरायचं नाही. औषध नक्की किती चालतं, कुणाला त्रास होतो का, हे कळायला आणखी रुग्णांवर नीट चाचण्या व्हायला हव्यात. पण ज्या आजारात डॉक्टर हतबल व्हायचे, तिथे आता नेमकी दिशा सापडली आहे. आणि ती सापडली कुणीतरी काही वर्षांपूर्वी ब्लॉकवर नीट क्रमांक लिहून तो कपाटात ठेवला म्हणून.

मुंबईचे डोळे

तुम्ही म्हणाल, हे सगळं जर्मनीत आणि अमेरिकेत! नाही हं. आपलाही यात वाटा आहे, पण गोष्ट सुरू होते स्वीडनमध्ये. तिथे २००३ मध्ये मथियास उलेन यांनी एक प्रचंड काम सुरू केलं. माणसाच्या शरीरातलं प्रत्येक प्रथिन कुठल्या अवयवात, कुठल्या पेशीत असतं, याचा नकाशा करायचा. त्याचं नाव ‘ह्युमन प्रोटीन ॲटलस’. उप्साला शहरातल्या रुग्णालयाच्या संग्रहातून मेणाचे ब्लॉक घेतले, त्यांतून एक मिलिमीटर व्यासाचे दंडगोल काढले आणि ते शेजारी शेजारी एका नव्या ब्लॉकमध्ये बसवले. त्यामुळे एकाच कापात अनेक अवयव येतात. मग एकेका प्रथिनासाठी प्रतिपिंड लावायचं आणि फोटो घ्यायचा. असे एक कोटीहून जास्त फोटो झाले.

एवढे फोटो बघणार कोण? रंग गडद की फिकट, केंद्रकात की बाहेर, हे सांगायला अनुभवी पॅथॉलॉजिस्टच हवेत. ते काम मोठ्या प्रमाणावर झालं आपल्या मुंबईत! डॉ. संजय नवानी यांच्या नेतृत्वाखाली इथल्या पॅथॉलॉजिस्टनी उप्सालाहून संगणकावर येणारे फोटो एकेक करून तपासले आणि नोंदी केल्या. आज जगातला कुठलाही संशोधक त्या नकाशात एखादं प्रथिन शोधतो, तेव्हा बऱ्याचदा मुंबईत बसून कुणीतरी डोळ्यांत तेल घालून केलेली नोंद तो वाचत असतो. ही बाब आपल्याकडे फारच कमी लोकांना ठाऊक आहे.

मुंबईत ही परंपरा जुनी आहे. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातल्या कर्करोग संशोधनाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. आणि आज पवईच्या आयआयटीतले शास्त्रज्ञ मास स्पेक्ट्रोमीटर वापरून मेंदूतल्या गाठींमधल्या प्रथिनांचा शोध घेतात.

तो तुकडा कुणाचा?

तुमच्यापैकी कुणाच्या तरी मनात हा प्रश्न आला असेलच : एखाद्याच्या शरीराचा तुकडा त्याला न विचारता वापरायचा का? फार चांगला प्रश्न आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने यासाठी नियम घालून दिलेत. संशोधनाआधी नैतिकता समिती तो प्रस्ताव तपासते. रुग्णाची संमती कधी आणि कशी घ्यायची, हे ती ठरवते. ब्लॉकवरचं नाव सहसा संशोधकाला कळत नाही, त्याच्या हाती फक्त एक सांकेतिक क्रमांक येतो.

आणखी एक गोष्ट आहे. ब्लॉकमधून काढलेला प्रत्येक काप म्हणजे तेवढा ब्लॉक कमी. उद्या तोच रुग्ण पुन्हा आजारी पडला, नवं औषध निघालं आणि जुनी गाठ परत तपासायची वेळ आली, तर ब्लॉकमध्ये काहीतरी उरलेलं असायला हवं. म्हणून चांगल्या लॅब संशोधनासाठी अख्खा ब्लॉक कधीच संपवत नाहीत. संशोधक कितीही मोठा असला तरी पहिला हक्क रुग्णाचाच. हे बरोबरच आहे.

आता तुमच्यासाठी एक काम. ‘ह्युमन प्रोटीन ॲटलस’ सगळ्यांसाठी मोफत खुला आहे. घरातल्या किंवा शाळेतल्या एखाद्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन तो संगणकावर उघडा. इंग्रजीत इन्सुलिन असं लिहा आणि स्वादुपिंडाचा फोटो शोधा. निळसर पेशींच्या मधे तपकिरी पुंजके दिसतील. तिथे इन्सुलिन आहे. मग हृदय, त्वचा, मेंदू यांचेही फोटो बघा आणि इन्सुलिनचा तपकिरी रंग तिथे दिसतो का ते तपासा. काय दिसलं, काय दिसलं नाही आणि तुम्हाला त्याचं कारण काय वाटतं, ते वहीत लिहा आणि आम्हाला जरूर कळवा.